चिंध्यांना राजवस्त्रं कशाला?

महिन्याभरापूर्वी पुण्यात एका मित्राकडे जुन्या तबकड्या ऐकायला आम्ही आठ-दहा जण जमलो होतो. चहा, बाकरवडी, आणि कोपऱ्यात कुरकुरणारा रेकॉर्ड प्लेअर. रेगेची, म्हणजे जमैका या कॅरिबियन बेटावरच्या संगीताची, एक तबकडी लागली आणि पाच मिनिटांत गाणं बाजूला पडून वाद पेटला, की 'रेगे' म्हणजे काय आणि ते आलं कुठून? एकाने छातीठोकपणे सांगितलं, की हा शब्द आपल्या 'राग'वरून आला, उसाच्या मळ्यांवर गेलेल्या आपल्या मजुरांनी तो तिकडे नेला. दुसऱ्याने बॉब मार्लीचा दाखला दिला. रेगे म्हणजे राजाचं संगीत, शब्दात लॅटिनमधला राजा आहे, असं त्याचं म्हणणं. तिसरा जॅझवाला. तो म्हणाला, जमैकाचं त्यात आहे काय? अमेरिकन रिदम अँड ब्लूज चुकीचं वाजवलं, त्याला रेगे म्हणायला लागले. रेगे आडनावाचे एक गृहस्थही होते. त्यांनी हसत हसत आपला हक्क नोंदवला, आणि खरं सांगायचं तर सगळ्या दाव्यांत तोच सर्वांत निरुपद्रवी होता.

ही बैठक अपवाद नव्हे. रेगेविषयी बोलणं निघालं की दर वेळी हेच तीन दावे या ना त्या रूपात ऐकू येतात, आणि तिघांचीही चूक एकच आहे. तिघांना रेगेला कुलीन घराणं मिळवून द्यायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शब्द चिंध्यांचा आहे, भांडणाचा आहे. संगीतही जमैकाची राजधानी किंग्स्टन, तिथल्या गरीब वस्त्यांतल्या लोकांनी हाताला लागेल त्या तुकड्यांतून गोधडीसारखं शिवलेलं आहे. त्याला राजाचा, ऋषींचा किंवा परक्या उस्तादांचा वारसा जोडायला गेलं, की ज्यांनी ते शिवलं ती माणसं चित्रातून गायब होतात.

शब्दापासून सुरुवात करू. १९६८ साली 'टूट्स अँड द मेटल्स' या किंग्स्टनच्या तिघा गायकांनी 'डू द रेगे' नावाचं गाणं काढलं. तबकडीवर हा शब्द आला तो इथे पहिल्यांदा, असं सहसा मानलं जातं. तेव्हा त्याचं स्पेलिंगही आजचं नव्हतं. गाण्यात ना राजा आहे ना धर्म, नवा नाच आलाय, या नाचायला, एवढंच बोलावणं आहे. टूट्स हिबर्टने पुढे सांगितलं, की त्यांच्या बोलीत 'स्ट्रेगे' असा एक शब्द होता. गबाळे कपडे घातलेली मुलगी रस्त्याने चालली की पोरं तिला उद्देशून तो वापरायची, त्यावरून त्याच्या तोंडून हे निघालं. जमैकन इंग्रजीचा पहिला मोठा शब्दकोश १९६७ साली निघाला. त्यात 'रेगे-रेगे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक चिंध्या, फाटके कपडे, आणि दुसरा, भांडण, कटकट. बनी ली हा निर्माता आणखी वेगळं सांगायचा. त्याच्या मते ऑर्गनच्या त्या अडखळत्या 'रेगे, रेगे' आवाजावरूनच नाव पडलं. यातलं कुठलं खरं, याचा निकाल लागायचा नाही. पण तिन्ही खुलासे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे, त्यांच्या बोलीचे आहेत आणि त्यांतला एकही राजवाड्याच्या आसपास फिरकत नाही, हे कसं विसरायचं?

आपल्याला हे नवीन वाटू नये. 'लावणी' शब्दाचं काय झालं आठवा. भाताची लावणी करताना म्हटलेली गाणी ती लावणी, असं एक मत. पण ते चिखलात पाय घालणारं असल्यामुळे फारसं सोयीचं नाही. मग 'लावण्य'वरून लावणी ही व्युत्पत्ती पुढे येते आणि सुशिक्षित श्रोता निश्चिंत होतो. यात भाषाशास्त्र किती आणि सोवळं किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. फडावरच्या बाईला मान द्यायचा नसला, तरी तिच्या गाण्याला संस्कृत आजी शोधून देता येते! रेगेला लॅटिन आजोबा शोधणं त्याच जातीचं आहे.

तरीही मार्लीचा दाखला हसण्यावारी नेता येत नाही. ज्याने हे संगीत जगभर पोचवलं, तोच त्याचा अर्थ 'राजाचं संगीत' असा सांगत असेल, तर आपण कोण लागून गेलो? शिवाय त्याच्या डोळ्यांसमोरचा राजा युरोपातला नव्हता. १९३० साली इथिओपियात हैले सेलासी सम्राट झाला, राज्याभिषेकाआधीचं त्याचं नाव रास तफारी. गुलामांच्या नातवंडा-पतवंडांना काळा सम्राट दिसला आणि जमैकात रास्ताफारी पंथ उभा राहिला. २१ एप्रिल १९६६ रोजी सेलासी किंग्स्टनच्या विमानतळावर उतरला, तेव्हा लोकांनी धावपट्टीवर अशी गर्दी केली, की त्याला बराच वेळ विमानाबाहेर पडता येईना. ज्या रास्ताफारींना पोलीस रस्त्यात धरून त्यांच्या जटा कापत, त्यांना त्या दिवशी देशाचे पुढारी वाट करून देत होते. हा प्रसंग ज्याच्या मनात आहे, त्याने आपल्या संगीतात राजा पाहिला तर ते त्याचं देणं आहे आणि खरं देणं आहे. शब्दाचा अर्थ वापरणारे घडवतात, हे मला मान्यच आहे.

पण मागून चढवलेला अर्थ आणि मूळ यांची गल्लत का करायची? १९६८-६९ची रेगे गाणी ऐका. नाच, प्रेमप्रकरणं, चहाड्या, प्रतिस्पर्ध्याला मारलेले टोमणे. ली पेरी या गायक-निर्मात्याने १९६८ साली काढलेलं, रेगेच्या अगदी पहिल्या गाण्यांत धरलं जाणारं एक गाणं त्याच्या आधीच्या मालकावरची सरळसरळ खुन्नस आहे, आणि मधे मधे तान्हं मूल रडताना ऐकू येतं. 'रेगे-रेगे'चा दुसरा अर्थ, भांडण, इथे शब्दशः वाजतो. जटा, इथिओपिया, बायबलमधली बंदिवासाची भाषा हे सगळं रेगेच्या केंद्रस्थानी आलं ते सत्तरच्या दशकात. पोरीबाळींना आणि मालकांना उद्देशून गायलेल्या त्या पहिल्या गाण्यांना मग काय म्हणायचं? रेगे जन्मण्याआधीचं रेगे?

आता जॅझवाल्या मित्राकडे वळतो, कारण तिघांत पुरावा त्याच्याकडेच जास्त आहे. पन्नासच्या दशकात किंग्स्टनच्या गरिबांना हॉटेलांतले वाद्यवृंद परवडत नव्हते. त्यांच्यासाठी साउंड सिस्टिम होती. आपल्याकडच्या मिरवणुकीतल्या 'डॉल्बी'ची भिंत डोळ्यांसमोर आणा. माणसाच्या उंचीची लाकडी खोकी, त्यांत स्पीकर, एक अँप्लिफायर, एक टर्नटेबल, आणि मोकळ्या आवारात दारू-जेवण विकून चालणारा नाच. वाजायच्या त्या अमेरिकन तबकड्या. रात्री हवा बरी असली की मायामी आणि न्यू ऑर्लिन्सची रेडिओ केंद्रंही लागायची. क्लेमंट डॉड अमेरिकेत शेतमजुरीला गेला आणि येताना तबकड्या घेऊन आला. (त्याला 'कॉक्सन' म्हणत ते यॉर्कशरच्या कॉक्सन नावाच्या क्रिकेटपटूवरून. पोरगा शाळेत बरा खेळायचा.) दुसरा बडा प्रस्थ ड्यूक रीड, माजी पोलीस, दारूच्या दुकानाचा मालक, कमरेला पिस्तूल लावून नाचाला येणारा. ही मंडळी गाजलेल्या तबकडीचं लेबल खरवडून काढत, म्हणजे दुसऱ्याला गायक-वादकाचं नाव कळू नये. डॉडने विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याची एक धून स्वतःच्या नावाने ओळखगीत म्हणून वाजवली, आणि रीडला त्या तबकडीचा पत्ता लागायला वर्षं लागली.

तेव्हा अमेरिका आहे, भरपूर आहे. पण पुढे काय झालं ते पाहा. अमेरिकेत रॉक अँड रोल आलं, किंग्स्टनला आवडणारा माल तिथे निघेनासा झाला. नाच तर दर शनिवारी होताच. मग या साउंड सिस्टिमवाल्यांनी आपल्याच पोरांना स्टुडिओत उभं केलं. ६ ऑगस्ट १९६२ला देश स्वतंत्र झाला तेव्हा स्का हा धावत्या ठेक्याचा प्रकार वाजत होता, १९६६च्या आसपास तो मंदावून रॉकस्टेडी झाला, १९६८ला रेगे. गिटारचा तो तोडका 'च्यक' ठोक्याच्या मधल्या जागेत पडतो, त्याची बीजं शफल या अमेरिकन ठेक्यात सापडतील, पण मेंटो या जमैकाच्या गावरान संगीतात बँजो तेच काम आधीपासून करत होता. आणि बेस गिटार मागच्या रांगेतून उठून गाण्याची मालकीण झाली, ती ज्या खोक्यांवर ते वाजायचं त्यांना पोटातून घुमणारा आवाजच शोभत होता म्हणून. ही नक्कल असेल, तर नक्कल म्हणतात कशाला?

ठेक्याविषयी आमच्या त्या बैठकीतच घडलेली गोष्ट सांगतो. एक निवृत्त तबलजी कोपऱ्यात गप्प बसले होते. वाद रंगात आला असताना ते मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होते. चार-पाच आवर्तनं झाली आणि ते एकदम म्हणाले, "अहो, एकवर काहीच नाही!" सगळे थांबले. त्यांनी पुन्हा मोजून दाखवलं. एक, रिकामी. दोन, गिटार. तीन, ड्रमचा भरीव ठोका. चार, गिटार. याला तिकडे 'वन ड्रॉप' म्हणतात. पहिली मात्रा गाळलेली, आणि वजन सगळं तिसरीवर. "रूपकात समेवर खाली असते, तीं तीं ना, तशी ही," ते म्हणाले. रागवाल्या मित्राचा चेहरा उजळला. तेवढ्यात तबलजींनी बोट उगारलं. "म्हणून ते रूपकातून आलं म्हणाल तर मी उठून जाईन. दोन माणसांना तीळ एकाच जागी असला म्हणून ते भाऊ होत नाहीत." त्या संध्याकाळचं सर्वांत शहाणपणाचं वाक्य तेच होतं, आणि ते ज्याला रागाचा सर्वांत जास्त अभिमान असायचा त्या माणसाचं होतं.

'राग'वाल्या दाव्यात कणभरही तथ्य नाही असं मात्र म्हणू नये. मे १८४५मध्ये पहिलं जहाज गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांना घेऊन जमैकाच्या ओल्ड हार्बर बेला लागलं, आणि पुढच्या सत्तरेक वर्षांत सुमारे ३६ हजार भारतीय तिथे उतरले, बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले. त्यांच्याबरोबर गांजा गेला, चिलीम गेली. जमैकात आजही त्याला 'गांजा'च म्हणतात, रास्तांच्या, म्हणजे रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या, पूजेतही तोच. रास्ताफारीचा पहिला मोठा प्रचारक लिओनर्ड हॉवेल याने १९३५ साली आपली पुस्तिका छापली ती 'जी. जी. मराघ' या टोपणनावाने, आणि त्यात 'महाराज' ऐकू येतो असं अनेक अभ्यासक म्हणतात. ही नाती खरी आहेत आणि हृद्य आहेत. मळ्यावर शेजारी राबणाऱ्या दोन कंगाल जमातींनी एकमेकांना काय दिलं याची ती कथा आहे. पण या कथेत आपले मजूर कसे येतात? चिलीम देणारे, भाकरी वाटून खाणारे म्हणून. 'राग' म्हटलं की ते पुसले जातात आणि त्यांच्या जागी दरबारी संगीताचं प्राचीन वैभव उभं राहतं, ज्याच्या सावलीलाही त्यांना गावात कुणी उभं केलं नव्हतं. अभिमान कुणाचा, आणि कष्ट कुणाचे?

यापेक्षा वजनदार दावा आफ्रिकेचा. बैठकीत तो कुणी नीट मांडला नाही, ही लाजेची बाब, कारण खरा प्रतिपक्ष तोच आहे. कुमिना आणि बुरू या आफ्रिकी मुळाच्या ढोलपरंपरांनी रास्तांच्या न्याबिंगी ढोलाला जन्म दिला, आणि काउंट ऑसी या रास्ता ढोलवादकाने १९६० सालीच आपले ढोल एका लोकप्रिय गाण्याच्या ध्वनिमुद्रणात आणले. तेही अशा काळात, जेव्हा भद्र किंग्स्टनला त्या ढोलांची किळस होती. एप्रिल १९६३मध्ये मॉन्टेगो बेजवळच्या कोरल गार्डन्समधल्या हिंसाचारानंतर सरकारने रास्तांची सरसकट धरपकड केली, मारहाण केली. त्याबद्दल पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती थेट २०१७ साली. ज्यांची मुळं मार देऊन उपटली गेली, त्यांनी 'हे आमचं आफ्रिकेचं' असं ओरडून सांगितलं तर त्यात गर्वापेक्षा गरज जास्त आहे. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही.

वाद आहे तो 'शुद्ध'शी. कारण मग त्या कॅथलिक जोगिणींचं काय करायचं? किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये अनाथ आणि वांड पोरं ठेवली जात. तिथे सिस्टर मेरी इग्नेशियस डेव्हिस त्यांच्या हाती ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन देत. डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक, जॉनी मूर अशी स्काची अख्खी फळी त्या शाळेतून निघाली. गोव्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पोर्तुगीज चर्चच्या शाळांत व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकलेली पोरं मुंबईला आली, आणि अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसोझा यांच्याशिवाय हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा राहिला नसता. म्हणून ती गाणी पोर्तुगीज ठरली का? आणि किंग्स्टनच्या चिनी वंशाच्या दुकानदारांचं काय करायचं? साउंड सिस्टिमवाल्यांच्या पहिल्या पिढीतला टॉम वाँग चिनी वंशाचा. लेस्ली काँग आइस्क्रीम विकता विकता तबकड्या विकू लागला आणि मग काढूही लागला. १९६२ साली पोरसवदा मार्लीचं पहिलं गाणं त्यानेच काढलं. ज्या तबकडीवर 'रेगे' हा शब्द पहिल्यांदा आला, तिचाही निर्माता तोच. आइस्क्रीमवाल्याचा हा हात कुठल्या शुद्ध वंशावळीत बसवणार?

इथे एक आक्षेप येतो, आणि मला तो सर्वांत जास्त छळतो. 'सगळंच सरमिसळ आहे' हे चोराचं आवडतं वाक्य असतं. ज्यांना पैसे द्यायचे नसतात, त्यांना मालक सापडत नाही. आणि रेगेत हे झालेलं आहे. स्टुडिओत दिवसाकाठी अनेक गाणी वाजवणाऱ्या वादकांना गाण्यामागे ठरावीक रोख मिळायची, मग तीच धून, तिकडे तिला 'रिडिम' म्हणतात, पुढची पन्नास वर्षं शेकडो गाण्यांखाली वाजत राहिली तरी बेस वाजवणाऱ्याच्या हाती काही पडायचं नाही. तेव्हा मुळांचं मिश्रपण सांगताना मी नकळत त्या रोख मोजणाऱ्याच्या बाजूला तर उभा नाही ना?

मला वाटतं, उलट आहे. वंशावर दावा सांगितला की हक्क पूर्वजांकडे जातो, आणि पूर्वज मानधन मागायला येत नाहीत. शिवणाऱ्यावर बोट ठेवलं तर नाव, गल्ली, तारीख सगळं सांगावं लागतं. उदाहरण घ्या. १९६७-६८च्या सुमारास ड्यूक रीडच्या स्टुडिओतून रडी रेडवुड नावाच्या साउंड सिस्टिमवाल्यासाठी एक तबकडी कापताना तंत्रज्ञ बायरन स्मिथकडून गायकांचा आवाजच राहून गेला. रेडवुडने ती तशीच नाचात लावली आणि अख्खं आवार स्वतः गाऊ लागलं. यातून मागच्या बाजूला बिनआवाजाची 'व्हर्जन' छापायची चाल पडली, मोकळ्या जागेत यू-रॉयसारखे लोक बोलू लागले, आणि रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या किंग टबीने तुकडे पुढेमागे करून डब हा नवा प्रकार घडवला. बोलण्याची ती सवय घेऊन बारा वर्षांचा एक मुलगा १९६७ साली किंग्स्टनहून न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये गेला. ऑगस्ट १९७३मध्ये त्याने, डीजे कूल हर्कने, इमारतीच्या सभागृहात जी पार्टी केली तिला लोक हिप-हॉपचा जन्म मानतात. यात कुठे राजा आहे? कुठे प्राचीन परंपरा आहे? एक विसरभोळा तंत्रज्ञ आहे, एक वायरमन आहे, आणि ती चूक उचलून धरणारी गर्दी आहे. मिसळ ही कुणीतरी कुठेतरी बसून केलेली असते. तिला पत्ता असतो.

शुद्धतेचा हट्ट महाग पडतो, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. पेटी युरोपातून आली, तिच्यात मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४०पासून तीन दशकं तिच्यावर बंदी घातली. तोवर आपल्या नाट्यसंगीताचा, भजनाचा, कीर्तनाचा श्वास तीच झाली होती. देवळात पेटी वाजत राहिली आणि रेडिओवर तिला प्रवेश नव्हता. त्या तीन दशकांत शास्त्र कुणाच्या बाजूला होतं हे विचारून कुणी भजन थांबवलं नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावरचं रेगे, म्हणजे शॅकमधली मार्लीची चादर, हिरवा-पिवळा-लाल पट्टा आणि हातात बिअर, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तिथे निदान उगमाचं ढोंग तरी नाही.

नोव्हेंबर २०१८मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या निर्णयात कुठलंही शुद्ध मूळ सांगितलेलं नाही. जमैकातले जुने प्रकार, कॅरिबियन, उत्तर अमेरिकन, लॅटिन, नव-आफ्रिकी असे सगळे धागे तिथे मोकळेपणाने नोंदवलेले आहेत, आणि हे वंचितांचं संगीत होतं हेही. बैठक भरली होती मॉरिशसला, पोर्ट लुईमध्ये. मॉरिशस आपल्याला परकं नाही, गिरमिटियांच्या जहाजांतून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवून घेतात. त्याच बेटावर जोसेफ रेजिनाल्ड तोपीझ नावाच्या क्रिओल गायकाने स्थानिक सेगा आणि रेगे एकत्र शिवून 'सेगे' काढलं आणि मार्लीच्या एका तबकडीवरून स्वतःचं नाव काया ठेवलं. फेब्रुवारी १९९९मध्ये, गांजावरची शिक्षा उठवावी म्हणून झालेल्या मैफलीत तो ओढल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. काही दिवसांत तो पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट दंगलींनी पेटलं. ती कोठडीही पोर्ट लुईमध्येच होती.